उंबरठ्यावरचे दोन दिवे: नागपूर विमानतळ चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, नागपूर येथील अधिकारी वर्ग,
तसेच महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचे व्यवस्थापन

सप्रेम नमस्कार.

मी धावपट्टीच्या दिव्यांवर आयुष्य काढलेला तंत्रज्ञ आहे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण संध्याकाळी गच्चीवर उभा राहिलो की अजून नजर सोनेगावच्या, म्हणजे आपल्या विमानतळाच्या, दिशेनेच जाते. दिवे लागले का, तेजाच्या कितव्या पायरीवर, म्हणजे स्टेपवर, लागले, हे पाहिल्याशिवाय खाली उतरवत नाही. वडील टपाल खात्यात होते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी निघालेली विमानं मध्यरात्रीनंतर आपल्या नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडण्याआधी परत फिरत. देश झोपलेला असताना सोनेगाव जागं असायचं. वडिलांनी नंतरच्या काळात तिथे रात्रपाळ्या केल्या. ते सांगायचे की थैल्या मोजणारी माणसंसुद्धा मधूनच मान वर करून आकाशात पाहायची, आणि विमानाचा दिवा दिसला की कोणीतरी "आला जी!" म्हणून ओरडायचं.

मला आज उलट्या बाजूचं लिहायचं आहे. वरून खाली पाहणाऱ्याला आपण काय दाखवतो, हे.

इंग्रजीत ज्याला थ्रेशोल्ड म्हणतात त्याला मराठीत उंबरठा हाच शब्द चपखल बसतो. विमान उतरायला जी जागा वापरता येते ती इथून सुरू होते. या उंबरठ्यावर आडव्या ओळीत हिरवे दिवे असतात, धावपट्टीच्या दोन्ही कडांना पांढरे, आणि पलीकडच्या टोकाला लाल. यांखेरीज आणखी एक जोडी असते, जिच्याबद्दल हे पत्र आहे. उंबरठ्याच्या रेषेतच, कडेच्या दिव्यांच्या दोन्ही ओळींपासून साधारण १० मीटर बाहेर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन लखलखणारे पांढरे दिवे. मिनिटाला ६० ते १२० वेळा चमकणारे, आणि फक्त उतरायला येणाऱ्या विमानालाच दिसणारे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत यांची जागा ठरलेली आहे. जिथे उंबरठा सहज ओळखू येत नाही, जिथे उतरण्याच्या वाटेवर दिव्यांची लांब रांग लावणं शक्य नाही, किंवा जिथे उंबरठा कायमचा अथवा कामापुरता पुढे सरकवलेला आहे, तिथे हे दिवे लावावेत असं ती सांगते. आमच्या बोलण्यात ते 'आरटीआयएल', किंवा नुसतेच 'फ्लॅशर'.

दोनच दिवे, पण दमलेल्या वैमानिकाला सगळ्यात आधी दिसतात ते हेच. कारण साधं आहे. शहराच्या झगमगाटात स्थिर दिवा हरवून जातो. नागपूरवर रात्री येणाऱ्या माणसाच्या समोर काय असतं, ते एकदा त्याच्या जागी बसून पाहा. वर्धा रोडचा सरळसोट पांढऱ्या दिव्यांचा पट्टा, त्यावरचा दुमजली उड्डाणपूल, मेट्रोची स्टेशनं, मिहानमधल्या इमारती, जाहिरातींचे फलक, आणि लग्नसराईत लॉनवाल्यांनी आकाशात सोडलेले झोत. आमच्या तरुणपणी रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे असायचे, त्यामुळे धावपट्टीचा पांढरा रंग वेगळा उठून दिसायचा. आता रस्ताही पांढरा आणि धावपट्टीही पांढरी. एका तालात उघडझाप करणारी जोडी मात्र डोळ्याच्या कोपऱ्यालाही जाणवते. दोन चमका एकाच क्षणी झाल्या की त्यांच्या मधोमध जे आहे तीच धावपट्टी, हे समजायला विचार करावा लागत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका छोट्या धावपट्टीवर कामाला होतो. तिचं नाव इथे घेत नाही. धावपट्टीला जवळजवळ समांतर असा एक नवा रस्ता झाला होता आणि त्यावर नुकतेच दिवे लागले होते. आमच्या फ्लॅशरपैकी एक बंद पडलेला, सुटा भाग येईपर्यंत दुसराही बंद ठेवलेला. दिवेलागणीची वेळ होती, हवेत धूर होता. एक लहान विमान आलं आणि शांतपणे त्या रस्त्याच्या दिशेला लागलं. मी खाली केबलच्या चेंबरपाशी उभा होतो, हातात केबल तपासायचा मेगर. आवाज चुकीच्या बाजूने येतोय हे मला कळलं, पण मी काय करणार? तेवढ्यात इंजिनाचा सूर चढला, विमान वर गेलं, वळसा घालून परत आलं आणि नीट उतरलं. वैमानिक वयाने लहान होता. खाली उतरल्यावर त्याने मला एवढंच विचारलं, "काका, तुमचे ते चमकणारे दिवे कुठे गेले?" त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे, आणि म्हणून आपल्याला लिहितो आहे.

अशी चूक फक्त नवख्याकडूनच होते असंही नाही. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं एक एअरबस विमान धावपट्टी सोडून शेजारच्या टॅक्सी-वेवर, म्हणजे विमानं धावपट्टीकडे ये-जा करतात त्या वाटेवर, उतरायला निघालं होतं. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक कामासाठी बंद होती, तिचे दिवे विझवलेले होते. वैमानिकांना दोन धावपट्ट्या दिसण्याची अपेक्षा होती, म्हणून त्यांच्या डोळ्यांनी उघडी धावपट्टी आणि टॅक्सी-वे मिळून दोन पूर्ण केल्या. टॅक्सी-वेवर चार विमानं प्रवाशांसकट उभी होती. विमान ६० फुटांच्या आसपास खाली येऊन मग वर उचललं गेलं. तिथे उघड्या धावपट्टीचे दिवे तर लागलेले होते, तरीही हे घडलं. म्हणून फ्लॅशर लावले की सगळं निभावलं, असं मी कधीच म्हणणार नाही. पण अनुभवी डोळाही रात्री फसतो एवढं त्यावरून पटावं. आणि उंबरठ्यापासून किती पुढे टेकलो याला काय किंमत असते ते आपण ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पाहिलं. पावसात, अंधारात, २७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान जवळजवळ अर्धं अंतर संपवून टेकलं, आणि २१ जीव गेले. त्या अपघाताची कारणं वेगळी होती, दिव्यांवर त्याचं खापर फोडता येणार नाही. पण धावपट्टी कुठून सुरू होते आणि आपण कुठे आहोत, या दोन गोष्टी वैमानिकाच्या मनात ठसवण्यासाठी जमिनीवरून जे जे करता येईल ते केलंच पाहिजे.

आता एलईडीबद्दल.

जुने फ्लॅशर झेनॉनच्या नळीचे. कॅपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या घरात वीज साठवायची आणि ती एका क्षणात नळीतून सोडायची. चमक जबरदस्त, पण पेटी उघडताना छातीत धडधड. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटर रिकामा होईपर्यंत थांबायचं, मग अर्थिंगच्या दांड्याने खात्री करायची, आणि तरीही एक हात पाठीमागे ठेवूनच दुसरा आत घालायचा, हे आम्हाला उस्तादांनी शिकवलं होतं. नळी वापराबरोबर मंदावत जाते, ट्रिगर कॉइल पावसाळ्यात दगा देते. एलईडीने या बऱ्याच कटकटी संपवल्या. व्होल्टेज कमी, नळी बदलण्याची भानगड नाही, वीज थोडी लागते, आणि चांगल्या बनावटीचा दिवा वर्षानुवर्षं चालतो. मी एलईडीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नागपूरच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांना, १४ च्या आणि ३२ च्याही, उत्तम प्रतीचे एलईडी फ्लॅशर कायम चालू स्थितीत असावेत ही माझी पहिली मागणी आहे.

पण खरेदीच्या कागदावर एक आकडा असतो आणि तोच आकडा फसवतो. डोळ्याला चमक किती तेज वाटते हे तिच्या नुसत्या सर्वोच्च तेजावर ठरत नाही, ती किती वेळ टिकली यावरही ठरतं. ब्लाँडेल आणि रे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी यासाठी सूत्र मांडलं. चमकेतला एकूण प्रकाश घ्या, आणि त्याला चमकेचा काळ अधिक ०.२ सेकंद याने भागा. उत्तर येतं ते परिणामी तेज, म्हणजे तेवढ्याच स्थिर दिव्याइतकी ती चमक दिसते. उदाहरण करून पाहू. एलईडीची चमक १५,००० कँडेलाची आणि ०.१ सेकंदाची धरली, तर परिणामी तेज निघतं ५,००० कँडेला. एक तृतीयांश! झेनॉनची चमक हजारांश सेकंदाची धरली तर त्याच ५,००० साठी तिचं शिखर दहा लाख कँडेलांच्या घरात न्यावं लागतं. म्हणून झेनॉनचा आकडा आणि एलईडीचा आकडा शेजारी मांडून तुलना करणं म्हणजे किलो आणि लिटर यांची बेरीज. टेंडरमध्ये शिखराचं तेज मागू नका. परिणामी तेज मागा, तेही तिन्ही स्टेपवर वेगवेगळं मोजलेलं.

स्टेपचं महत्त्व एलईडीत जास्त आहे. जुना फिलामेंटचा दिवा मंद केला की पिवळट होतो, डोळ्याला सौम्य वाटतो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा प्रकाश आणि त्यावर फॉस्फरचा थर. तो मंद केला तरी थंड पांढराच राहतो. अमावस्येच्या स्वच्छ रात्री हाच दिवा वरच्या स्टेपवर राहिला, तर अखेरच्या काही सेकंदांत वैमानिकाचे डोळे दिपतील. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पूर्ण तेज लागतं, ऑक्टोबरच्या निवळलेल्या रात्री अगदी थोडं पुरतं. अमेरिकेत ज्या फ्लॅशरला झोत अडवणारा आडपडदा नसतो तो धावपट्टीपासून १५ अंश बाहेर वळवून आणि १० अंश वर उचलून बसवतात. लांबून येणाऱ्याला तो दिसतो, आणि विमान जवळ आलं की झोत बाजूने निघून जातो. ही मापं एकदा बसवताना पाहिली जातात. नंतर कोण पाहतं?

हा प्रश्न विचारण्यामागे आपली माती आहे. विदर्भातल्या काळ्या मातीला मी चाळीस वर्षं ओळखतो. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगांत हात जाईल इतकी फाटते. तिच्यावर नीट पाया न घेता उभा केलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो. रस्त्यावरचा खांब दोन-तीन अंश कलला तर कोणाचं बिघडत नाही. फ्लॅशर कलला की झोतच दुसरीकडे जातो, पेटी मात्र बाहेरून ठणठणीत दिसते आणि नोंदवहीत 'चालू' अशी नोंद होते. शिवाय हा खांब विमान आदळलं तर मोडून पडेल असाच हवा, म्हणून वरचा भाग वाटेल तसा जाडजूड करून चालत नाही. मजबुती सगळी जमिनीखाली, मातीचा थर काढून घेतलेल्या पायात. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा प्रत्येक फ्लॅशरचा कोन मोजून लिहून ठेवा. एका माणसाचं एका सकाळचं काम आहे ते.

दुसरं आपलं ऊन. नवतपाच्या दिवसांत नागपूरचा पारा ४५ ओलांडतो, काही वर्षी ४७ च्याही पुढे गेलेला आपण सोसला आहे. हा सावलीतला आकडा. डांबराच्या कडेला, वाऱ्याला आडोसा नसलेल्या बंद धातूच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त भाजतं. एलईडी जितका तापेल तितका कमी उजळतो. त्याहून वाईट म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमधले कॅपॅसिटर. दर १० अंशांनी त्यांचं आयुष्य निम्मं होतं असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. पत्रकावर छापलेले ५०,००० तास कुठल्या तापमानाला मोजले, हे विचारल्याशिवाय सही करू नका. थंड देशांत एलईडीविरुद्ध तक्रार असते की तो गरम होत नाही म्हणून काचेवरचं बर्फ वितळत नाही. आपल्याकडे ती चिंता नाही, आपली चिंता बरोबर विरुद्ध आहे. नमुन्याचा दिवा घेऊन तो मे महिन्यात दुपारभर उन्हात ठेवा, सूर्य मावळताच लावा, आणि तेव्हाचं तेज मोजा. पत्र्याची सावली, पेटीला पांढरा रंग, ड्रायव्हर जमिनीखालच्या चेंबरमध्ये, असे साधे उपायही पुष्कळ काम करतात. चेंबरमध्ये पावसाचं पाणी साचू दिलं नाही म्हणजे झालं.

वीज कोसळण्याबद्दल फार लिहीत नाही, आपल्याला ते माहीत आहेच. फक्त एवढं लक्षात असू द्या की झेनॉनच्या मानाने एलईडीचा ड्रायव्हर नाजूक असतो, आणि काळी माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. अर्थिंग भर उन्हाळ्यात तपासलं पाहिजे. पावसाळ्यात घेतलेलं माप खोटं समाधान देतं.

आणखी एक गोष्ट, जी नागपूरला खास लागू पडते. याच धावपट्टीलगत हवाई दलाचा सोनेगाव तळ आहे, मेंटेनन्स कमांडचं मुख्यालयही आपल्याच शहरात आहे. रात्रीदर्शी चष्मा लावून उडणाऱ्या वैमानिकाला अवरक्त प्रकाश लागतो. फिलामेंटच्या दिव्यातून तो आपोआप मिळायचा. पांढऱ्या एलईडीतून तो जवळजवळ येत नाही, त्यामुळे उघड्या डोळ्यांना लखलखीत दिसणारा दिवा त्या चष्म्यातून अंधुक किंवा अदृश्य होऊ शकतो. अवरक्त एलईडी सोबत बसवलेले दिवे मिळतात. खरेदीच्या आधी हवाई दलाला विचारून घ्या, नंतर पेट्या बदलणं महाग पडेल.

जोडीतला एक दिवा विझला तर दुसराही आपोआप बंद पडावा आणि टॉवरमध्ये लगेच कळावं, अशी जोडणी आग्रहाने मागा. एकटा लखलखणारा दिवा धोकादायक असतो, कारण धावपट्टी त्याच्या डावीकडे की उजवीकडे हे वरून कळत नाही. आणि सुटा भाग नागपुरातच, कपाटात हवा. कुठल्या तरी गोदामातून येणारा नको.

आता महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीला दोन शब्द. अमरावतीच्या बेलोऱ्याला एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमान उतरलं तेव्हा आम्हा वैदर्भीयांना किती आनंद झाला! तिथली धावपट्टी १८५० मीटरची, नागपूरच्या ३२०० मीटरपुढे बरीच आखूड. आखूड धावपट्टीवर उंबरठा नेमका दिसण्याचं मोल वाढतं. यवतमाळ, चंद्रपूरजवळचं मोरवा, या पट्ट्या तर चारी बाजूंनी शेतांत. उतरण्याच्या वाटेवर ९०० मीटरपर्यंत दिव्यांची रांग लावायची म्हणजे जमीन लागते, पैसा लागतो, शेतकऱ्याशी पुन्हा वाद. तिथे एलईडी फ्लॅशरची जोडी म्हणजे थोडक्या खर्चात मोठं काम. वीज कमी लागत असल्याने सौर पॅनेल आणि बॅटरीवरही ती चालते. फक्त रात्रीसाठी नव्हे, दिवसासुद्धा. एप्रिलच्या धुरकट दुपारी, नांगरलेल्या शेतांच्या मधली करडी पट्टी आणि शेजारचा करडा रस्ता वरून सारखेच दिसतात. वरच्या स्टेपवरचा फ्लॅशर भर दिवसाही ओळखू येतो. विदर्भातला गंभीर रुग्ण अखेर नागपूरच्याच दवाखान्यात येतो. उद्या त्याला आणायला छोटं विमान गेलं, तर ते पहिल्या फेरीतच खाली टेकलं पाहिजे.

धावपट्टीवर नवं डांबर घालताना उंबरठा तात्पुरता सरकवायची वेळ येते, तेव्हाही ही जोडी लागते. त्या दिवसांसाठी हलवता येण्याजोगे एलईडी फ्लॅशर भाड्याने न आणता स्वतःचे ठेवा. एरवी ते कुठल्याही छोट्या पट्टीला उसने देता येतील.

आणि आपण सारे नागपूरकरही यात आहोतच. उतरत्या विमानाची दिशाभूल करील असा दिवा लावायला कायद्याने बंदी आहे. तरी लग्नाच्या मोसमात वर्धा रोडच्या बाजूने झोत आणि लेझर आकाशात फिरताना मी दरवर्षी पाहतो. विमानतळाने महानगरपालिका आणि पोलिसांना सोबत घेऊन लॉनवाल्यांची एक बैठक बोलवावी, त्यांना टॉवरमध्ये नेऊन रात्रीचं दृश्य दाखवावं. ही माणसं वाईट नाहीत. वरून काय दिसतं हे त्यांना कोणी दाखवलेलंच नाही.

माझी नोकरी संपली, पण वीतभर लांबीची पितळी स्पिरिट लेव्हल अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर मी कित्येक फ्लॅशरचे कोन जुळवले आहेत. पावसाळा ओसरल्यावर आपण दोन्ही टोकांच्या पेट्या तपासायला माणूस पाठवाल, तेव्हा त्याच्यासोबत मला यायला आवडेल. पास, जॅकेट, जे काही नियम असतील ते सगळे पाळीन. मानधन नको. निरोप पाठवा, दिवेलागणीच्या तासभर आधी मी गेटवर हजर असेन.

आपला नम्र,
एक निवृत्त एअरफिल्ड लायटिंग तंत्रज्ञ
नागपूर